सहावीतली मुलगी, गणिताचं वेड आणि आमची पंचाईत (नाशिक)

टूलरूमवाला_सिडको

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत एका टूलरूममध्ये सीएनसी प्रोग्रॅमिंग करतो, राहायला पवननगरला. आयटीआय, मग नोकरी करता करता डिप्लोमा, एवढंच माझं शिक्षण. घराण्यात गणितात पुढे गेलेलं कुणी नाही, म्हणून इथे विचारतोय.

मुलगी सहावीत, सेमी इंग्लिशला. पहिला नंबर वगैरे नसतो हे आधीच सांगतो. घटक चाचणीत गणितात २० पैकी सोळा-सतरा. सात आठे चोपन्न लिहून येते. मॅडमचं म्हणणं, पोरगी हुशार आहे पण धांदरट आहे, पायऱ्या लिहीत नाही, एकदम उत्तर टाकते. वर्गपाठ सगळ्यांच्या आधी उरकते म्हणून मग तिला इतरांच्या वह्या तपासायला बसवतात.

आता मुद्दा. दशांश अपूर्णांक शिकवून झाले तेव्हा ही घरी १ ला ७ ने भागत बसली. ०.१४२८५७, पुढे परत १४२८५७. मग १३ ने भागलं, मग १७ ने. रफ वही संपवली. मी म्हटलं, मोबाइलवर कर ना. तर म्हणे, "पप्पा, मोबाइलवर बाकी दिसत नाही." नंतर तिनेच मला समजावलं. ७ ने भागताना बाकी १ ते ६ यांतलीच उरणार. सहाच्या सहा वापरून झाल्या की पुढची बाकी जुन्यातलीच यायला हवी, आणि जुनी बाकी आली की तिथून पुढे सगळं तेच ते. मला पटलं. मग तिने विचारलं, ७ ला सहा आकडे लागतात, १७ ला सोळा लागतात, मग १३ ला बारा का नाही लागत, सहाच का? इथे माझी गाडी थांबली. तिची नाही थांबली, रोज रात्री जेवताना तेच विचारते.

कॉलेज रोडच्या एका क्लासमध्ये घेऊन गेलो. त्यांनी टेस्ट घेतली आणि फाउंडेशन बॅच सांगितली, "सातवी-आठवीतच दहावीचं गणित संपवून टाकू." फी ऐकून मी चहा न घेताच उठलो. अबॅकस आधी लावलं होतं, दोन लेव्हल करून सोडलं, कंटाळा येतो म्हणाली. मेहुणे म्हणतात एक इयत्ता वर ढकल. शॉपमधला एक जण म्हणतो दर रविवारी पुण्याला ने. मिसेस म्हणते, आधी सात आठे छप्पन्न पाठ करू दे, मग बघू.

ही खरंच काही वेगळी हुशारी आहे की बापाचं कौतुक? असली तर आमच्यासारख्यांनी करायचं काय? क्लास लावायचा का?

जेईई_पालक_इंदिरानगर

भाऊ, फाउंडेशनला घाला, जास्त विचार करू नका. आमच्या चिरंजीवांना आठवीपासून घातलं होतं, आज एनआयटीला आहेत. आवड-बिवड सगळं ठीक, शेवटी बारावीनंतर सीट लागते. फीमध्ये टेस्टच्या मार्कांवर सवलत देतात, नीट बोला, कमी करतात. आणि पाढे पाठ करून घ्याच, वहिनींचं बरोबर आहे.

निवृत्त_मास्तर_देवळालीगाव

टूलरूमवाले, तुमचं कौतुक बाजूला ठेवून सांगतो. उभा जन्म पाचवी ते दहावीला गणित शिकवलं. झरझर आकडेमोड करणारी पोरं दरवर्षी भेटायची. "बाकी दिसत नाही" म्हणून मोबाइल बाजूला सारणारी क्वचित.

ही दोन वेगळी माणसं आहेत आणि आपल्याकडे शाळेपासून सोसायटीच्या बक्षीस समारंभापर्यंत सगळे त्यांची गल्लत करतात. रशियात क्रुटेट्स्की नावाचा मानसशास्त्रज्ञ होऊन गेला. त्याने गणितात विलक्षण असलेल्या शाळकरी मुलांचा १९५५ पासून दहा-अकरा वर्षं अभ्यास केला. मुलांना गणितं द्यायची, ती सोडवताना मोठ्याने विचार करायला लावायचं आणि टिपून घ्यायचं, ही पद्धत. त्याचा निष्कर्ष असा की वेग, तोंडी आकडेमोड आणि आकडे लक्षात राहणं या गोष्टी असल्या तर बऱ्याच, पण त्या असायलाच हव्यात असं नाही. असावं लागतं ते दुसरंच. एका उदाहरणातून सगळ्या उदाहरणांचा नियम दिसणं, विचार उलट दिशेनेही चालवता येणं, आणि मधल्या पायऱ्या मनातल्या मनात गाळून पुढे जाणं. शेवटचं वाचून तुम्हाला मॅडमची तक्रार आठवली असेल. तुमच्या मुलीने ७ वरून "बाक्या मोजक्याच, म्हणून कधीतरी परत येणारच" असं काढलं. गणितात याला कबुतरखान्याचं तत्त्व म्हणतात आणि ऑलिम्पियाडच्या शिबिरांत ते शिकवावं लागतं. सात आठे चोपन्नचं काय घेऊन बसलात! येतील पाढे. वहिनींना म्हणावं, रोज दहा मिनिटं घ्या, पण त्यावरून तिची अक्कल मोजू नका.

१३ चं उत्तर मी इथे लिहिणार नाही. तिला म्हणावं, आता २ भागिले १३ कर आणि प्रत्येक पायरीची बाकी समासात लिही. मग १ भागिले १३ च्या बाक्या शेजारी मांड. पुढचं तिचं ती बघेल.

शाळेचं. वह्या तपासायला बसवणं बंद करा, पण भांडू नका. एका वर्गात साठ पोरं असतात, मॅडमला लवकर उरकणाऱ्या पोरीची अडचणच होते, हे मी त्या खुर्चीतून सांगतोय. तुम्हीच आठवड्याला एक गणित वेगळ्या वहीत लिहून पाठवा आणि मॅडमना विनंती करा की तिचं झालं की तिला ही वही उघडू द्या. बहुतेक शिक्षक आनंदाने हो म्हणतात, त्यांचंही एक काम कमी होतं.

पायऱ्यांच्या बाबतीत मात्र मी मॅडमच्या बाजूचा. फक्त कारण वेगळं. पायऱ्या मार्कांसाठी लिहायच्या नसतात, समोरच्याला शंका काढायला जागा राहू नये म्हणून लिहायच्या असतात. आणि हा समोरचा तुम्ही व्हा. तुम्हाला गणित येत नाही ही इथे सोयच आहे. ती काही सांगेल तेव्हा "वा वा" न करता विचारायचं, "हे कशावरून?" टूलरूममध्ये गेज लावल्याशिवाय जॉब पास करता का? तसंच. ज्या दिवशी तुमचा "कशावरून" संपेल त्या दिवशी तिची सिद्धता झाली.

फाउंडेशनबद्दल इंदिरानगरच्या साहेबांचा अनुभव खोटा नाही, मुलगा एनआयटीला गेला याचा आनंदच आहे. पण ती बॅच पुढच्या इयत्तांचा अभ्यासक्रम लवकर संपवण्यासाठी असते. जी पोरगी एका बाकीपाशी महिनाभर रेंगाळते तिला वर्गसमीकरणाचं सूत्र देऊन त्यावरची चाळीस गणितं करायला लावणार. ती करेलही. नंतर "का" विचारायचं सोडून देईल, एवढंच. जेईई करायचीच असेल तर त्याला अजून बराच अवकाश आहे.

इयत्ता ढकलू नका. शिक्षण हक्क कायद्यात वयानुरूप वर्गाचं तत्त्व आहे, शाळा सहसा तयार होत नाहीत, आणि झाल्या तरी सातवीचं पुस्तक हे सहावीच्या पुस्तकाचंच भावंड. कंटाळा एक इयत्ता पुढे सरकेल.

अबॅकस, वैदिक गणित यांचा राग नाही, पण ती आकडेमोडीची कसरत आहे. तुमच्या मुलीला ज्याची भूक आहे ते त्यात नाही, म्हणून सोडलं असेल.

मग द्यायचं काय? मी देवळालीचा, त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठाची नोकरी नाही. संख्यांशी खेळण्याचं वेड आणि ते जपण्याचा हट्ट, बस. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना त्यांचं काम पोरखेळ वाटायचं. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि मग जगाला देवळाली कळली. ६१७४ ही त्यांची संख्या (चार अंक उलटसुलट मांडून वजाबाकी करत गेलं की शेवटी जिथे येऊन थांबतं ती) बऱ्याच जणांना ठाऊक असते, पण व्हॉट्सअ‍ॅपवरच्या जादूसारखी. "कोणतीही चार अंकी संख्या घ्या, बघा काय होतं!" आणि मग टाळ्या. मला त्या टाळ्यांचा वैताग येतो. खरी गंमत टाळ्यांनंतर सुरू होते.

मुलीला चार अंकी देऊ नका, तीन अंकी द्या. तीन अंक घ्यायचे, तिन्ही सारखे नकोत. त्यांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करायची आणि वजाबाकी करायची. उत्तराच्या अंकांचं परत तेच. वजाबाकी दोन अंकी आली तर पुढे शून्य धरायचं. उदाहरणार्थ १, ०, ०: १०० वजा ००१ म्हणजे ०९९. मग ९९० वजा ०९९ म्हणजे ८९१. पुढे ९८१ वजा १८९ म्हणजे ७९२. चालू ठेवा. कुठे जाऊन थांबतं ते तिला शोधू दे. ते सापडायला दहा मिनिटं लागतील. मग विचारा: दरवेळी तिथेच का? सगळ्या तीन अंकी संख्या करून बघितल्यास का? नाही ना, मग कशावरून? इथून पुढे आठवडा जाईल. जाऊ द्या.

आई_सातपूर

मास्तर, हे वाचून मी माझ्या मुलाला दिलं (सातवी, मराठी माध्यम). जेवायला उठत नाहीये. त्याचंही असंच आहे, मार्क बरे, पण वर्गात खिडकीबाहेर बघतो म्हणून दर पालकसभेत ऐकून घ्यावं लागतं. आमच्या भागात असं कुणीच नाही. नाशिकमध्ये अशा मुलांसाठी काही गट वगैरे आहे का?

पंचवटी_ते_सिरुसेरी

मी पंचवटीची, सध्या चेन्नईजवळ सिरुसेरीला सीएमआयमध्ये (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) बीएस्सीला आहे. काका, तुमच्या लेकीचं वाचून खूप छान वाटलं. मास्तरांशी नव्वद टक्के सहमत, दहा टक्क्यांचं भांडण शेवटी करते.

आधी परीक्षांचं, कारण आमच्या घरी हे कुणालाच माहीत नव्हतं आणि मला नववीच्या शेवटी कळलं. भारतात गणित ऑलिम्पियाडची जी खरी साखळी आहे ती आयओक्यूएम या पात्रता परीक्षेपासून सुरू होते. आठवी ते बारावीची मुलं बसू शकतात. तीन तास, ३० प्रश्न, १०० गुण, आणि प्रत्येकाचं उत्तर ०० ते ९९ मधली पूर्ण संख्या. पर्याय नसतात, त्यामुळे ठोकून देता येत नाही. त्यातून आरएमओ, म्हणजे विभागीय ऑलिम्पियाड: तीन तासांत सहा प्रश्न, इथून पुढे सगळं सिद्धतेसकट लिहायचं. मग आयएनएमओ, म्हणजे राष्ट्रीय ऑलिम्पियाड, साडेचार तास. त्यानंतर प्रशिक्षण शिबिर आणि शेवटी सहा जणांचा आंतरराष्ट्रीय संघ. हे सगळं मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या देखरेखीखाली चालतं. भारत १९८९ पासून जातो, १९९६ ला स्पर्धा मुंबईतच झाली होती, आणि २०२४ ला इंग्लंडमध्ये बाथला आपण चार सुवर्णपदकांसह चौथे आलो. नावात 'ऑलिम्पियाड' असलेल्या ज्या खाजगी परीक्षांचे फॉर्म शाळेत वाटतात, त्यांचा या साखळीशी संबंध नाही. त्या द्यायला हरकत नाही, पण तिथलं मेडल बघून काही ठरवू नका.

मुलींसाठी आणखी एक वाट आहे. युरोपियन गर्ल्स मॅथेमॅटिकल ऑलिम्पियाड, ईजीएमओ. २०१२ मध्ये केंब्रिजला सुरू झाली, भारत २०१५ पासून चार मुलींचा संघ पाठवतो. मला संघात जागा मिळाली नाही, पण अशी स्पर्धा आहे हे कळल्यावर आमच्या क्लासमध्ये "मुलींना गणितात कशाला" म्हणणाऱ्या काकूंना उत्तर देता आलं. सीएमआय, आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) यांसारख्या ठिकाणी आयएनएमओमध्ये निवड झालेल्यांना प्रवेशाच्या वेळी फायदा होतो, हेही लक्षात असू द्या. इंजिनिअरिंग सोडून गणितात पुढे जाता येतं हेच मला अकरावीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

पण ती सहावीत आहे, म्हणजे आयओक्यूएमला वेळ आहे. आत्ता तिच्या वयाला बसणारी एक गोष्ट म्हणजे पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानची बीएमटीएससी ही पाचवी-सहावीसाठीची परीक्षा. प्रतिष्ठान १९७६ मध्ये श्रीराम अभ्यंकरांनी सुरू केलं. पाठांतरावर सुटणारी गणितं त्यात नसतात. त्यांच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा विसरू नका, उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल आणि शाळा अनुदानित असेल तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पुस्तकांचा खर्च निघतो.

दर रविवारी पुणे? नको. नाशिक-पुणे म्हणजे दोनशेच्या वर किलोमीटर एका बाजूला. सिन्नर, संगमनेर, चाकण करत पोहोचेपर्यंत पोर अर्धमेली होते, गणित काय करणार. सुट्टीतलं शिबिर असेल तर जरूर न्या. एरवी घरून एनरिच हे संकेतस्थळ (केंब्रिज विद्यापीठाचं, फुकट) बघा. आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग या संकेतस्थळावरच्या चर्चा थोड्या मोठेपणी. जिओजेब्रा हे भूमितीचं अ‍ॅप मोबाइलवरही चालतं, भूमितीत हात धरून बसण्यापेक्षा तिला त्यात बिंदू ओढत बसू द्या. इंग्रजीचं टेन्शन घेऊ नका. गणिताचं इंग्रजी पन्नास-साठ शब्दांचं असतं, ते येतं.

आता भांडण. मास्तर, इयत्ता ढकलू नका हे मान्य, पण "पुढचं शिकवू नका" असं कुणी ऐकलं तर तेही चूक होईल. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कॉलेज प्रवेशाची गणिताची परीक्षा द्यायला लावून अशी मुलं शोधायला सुरुवात केली. त्या मुलांचा पाठपुरावा पुढे कित्येक दशकं चालला. ज्यांना वेळेआधी पुढचं शिकायला मिळालं ती एकटी पडली, बिघडली, असं काही निघालं नाही. उलट पुढे संशोधनात ती जास्त दिसली. माझं म्हणणं एवढंच, की फक्त गणिताच्या तासाला तिला आठवीच्या वर्गात बसू द्या असं मुख्याध्यापकांना विचारून बघा. कागदोपत्री ती सहावीतच राहते. मिळालं तर मिळालं.

आणि सातपूरच्या काकू, गटाचं तुम्ही विचारलंत ते या सगळ्यापेक्षा मोठं आहे. मला पुस्तकं मिळाली, नंतर शिक्षकही मिळाले. बरोबरीचं कुणी नव्हतं. शाळेत मी गणिताबद्दल बोलायचं बंदच केलं होतं, कारण मैत्रिणी "शायनिंग मारते" म्हणायच्या. पहिल्यांदा शिबिराला गेले तेव्हा रात्री गॅलरीत चार मुली एका भूमितीच्या प्रश्नावरून तावातावाने भांडत होत्या. मला वाटलं, अरे, हे असं असतं होय!

निवृत्त_मास्तर_देवळालीगाव

पंचवटीकर बाई, गणिताच्या तासापुरतं वरच्या वर्गात बसवायला माझी हरकत नाही. चांगला शिक्षक असला तर. आठवीच्या वर्गातही चाळीस गणितं फळ्यावरून उतरवूनच घेत असतील तर तिला आपल्याच वर्गात मागच्या बाकावर कापरेकर करू द्या, मी तरी हेच म्हणेन. अमेरिकेतल्या त्या पोरांच्या आसपास विद्यापीठं होती, उन्हाळी वर्ग होते. आपल्याकडे पुढचं म्हणजे पुढचं पुस्तक, एवढाच अर्थ होतो, ही माझी भीती.

गटाचं मनावर घेतलं आहे. सातपूर आणि सिडको काही लांब नाही. मला निरोप पाठवा.

टूलरूमवाला_सिडको

मंडळी, उशिरा येतोय, मध्ये शिफ्टची गडबड होती. सगळ्यांचे आभार. मॅडमना भेटलो. "आणा वही, मलाही बघायचंय" म्हणाल्या. वह्या तपासणं बंद झालं. मुख्याध्यापकांकडे अजून गेलो नाही, धीर होत नाही.

१३ चं आधी सांगतो. समासात बाक्या लिहिल्या. १ पासून सुरू केलं तर १, १०, ९, १२, ३, ४. आणि २ पासून केलं तर २, ७, ५, ११, ६, ८. स्वयंपाकघरात ओरडत गेली, "मम्मी, दोन टोळ्या आहेत! या टोळीतली बाकी त्या टोळीत जातच नाही!" बारा बाक्या, सहा-सहाच्या दोन टोळ्या. मिसेसने विचारलं, मग पाढे झाले का. असो.

तीन अंकीचं. पहिल्या दिवशी ४९५ सापडलं. वीसेक संख्या करून म्हणाली, सगळ्या तिथेच जातात. मी मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे म्हटलं, "कशावरून?" चिडली. "पप्पा, करून बघा ना तुम्ही." मी म्हटलं, मी एक संख्या करीन, तू वीस केल्यास, नऊशेतल्या बाकीच्यांचं काय? दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

मग एका रात्री वही घेऊन आली. म्हणाली, उत्तरात मधला अंक कायम ९ असतो आणि कडेच्या दोघांची बेरीजही कायम ९. मी परत "कशावरून". तर तिने उभी वजाबाकी मांडून दाखवली. खाली मोठा अंक असल्यामुळे एककाला दशकाकडून उसना घ्यावा लागतो. दशकात वर आणि खाली तोच अंक, त्यातला एक गेला, म्हणून त्यालाही शतकाकडून उसना घ्यावा लागतो, आणि तिथे ९ च उरतात. हे ऐकून मी गप्प झालो कारण मला खरंच विचारायला काही राहिलं नव्हतं. मग म्हणाली, म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर फक्त नऊ उत्तरं शक्य आहेत: ०९९, १९८, २९७, असं करत ८९१ पर्यंत. नऊच्या नऊ तिने करून दाखवल्या. सगळ्या ४९५ ला. नऊशे संख्या तपासायची गरजच नाही! हे सगळं तिने दोन पानांत लिहिलं, पायऱ्यांसकट, एक पायरी गाळली नाही. मॅडमना दाखवलं तर त्यांनी शिक्षक खोलीत सगळ्यांना दाखवलं.

पुढे चार अंकी स्वतःच सुरू केलं. अंक मोठ्यापासून लहानापर्यंत लावले की कडेच्या दोन अंकांतला फरक आणि मधल्या दोघांतला फरक, एवढ्यावरच उत्तर ठरतं म्हणते. ९९९ गुणिले पहिला फरक अधिक ९० गुणिले दुसरा. त्याच्या ५४ जोड्या होतात असं तिने मोजलं. ५४ तपासायला घेतल्यात, पंचवीस-तीस झाल्या. मध्येच काल विचारलं, सगळं जिथे येऊन थांबतं अशी पाच अंकांची संख्या कोणती? मला माहीत नाही. मास्तर?

क्लास लावणार नाही, ते ठरलं.

आयटी_गोविंदनगर

मस्त धागा! पाच अंकीचं पायथॉनमध्ये टाकून बघितलं, आठ-दहा ओळींचं काम. अशी एकच संख्या नाहीच मुळी. ५३९५५ आणि ५९९९४ एकमेकांत फिरत राहतात, शिवाय चार-चार संख्यांची दोन चक्रं आहेत, एक ६१९७४ पासून सुरू होतं आणि दुसरं ६२९६४ पासून. कोड हवा असेल तर देतो, मुलीला आत्तापासूनच कोडिंग...

निवृत्त_मास्तर_देवळालीगाव

गोविंदनगरकर, हात जोडतो. तिने विचारलं होतं की "कोणती", तुम्ही तिच्याआधी निकाल लावून मोकळे! कोड चांगला आहे, तो तिला सिद्धतेनंतर द्या, पडताळायला. आधी नको.

टूलरूमवाले, वरचा प्रतिसाद मुलीला दाखवू नका. ती ५४ पूर्ण करू दे, घाई नको. मग पाच अंकी घेऊ दे आणि एकच विचारा: वजाबाकीत बरोबर मधल्या अंकाचं काय होतं? तेवढं तिला दिसलं की पाच अंकांसाठी किती जोड्या तपासाव्या लागतील हे ती मोजेल, आणि तो आकडा बघून तिला हसू येईल. अशी संख्या असायलाच हवी असं तिने गृहीत धरलं आहे, ते मोडलं तर मोडू द्या, रडली तरी चालेल.

बाक्यांच्या टोळ्यांसाठी आता ४१ द्या. तिथे दोन नाहीत.

सातपूरच्या ताईंचा निरोप आला आहे, त्यांच्या मुलाने ४९५ वेगळ्या वाटेने केलं आहे आणि त्यात एक भोक आहे. ते मी त्याला सांगितलेलं नाही. येत्या रविवारी सकाळी दोघांनाही माझ्याकडे आणा, दोघं एकमेकांच्या वह्या वाचतील. मोबाइल घरी ठेवा. चहा आमच्याकडे.

टूलरूमवाला_सिडको

येतो सर. रविवारी माझी सुट्टीच असते. मिसेसही येते म्हणतेय.